सोफा बसून नव्हे, उठून निवडा



दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या मावळात टेम्पोत बांधलेले सोफे दिसू लागतात. कुणाचं नवं घर झालेलं असतं, कुणाकडे लग्न ठरलेलं असतं. ओळखीचे पेशंट मग बोलता बोलता विचारतात, "डॉक्टर, पाठीला कोणता सोफा चांगला?" बरीच वर्षं मी "जरा कडक बघून घ्या" एवढंच सांगून पुढचा पेशंट बोलवायचो. एका आजींनी मला हे उत्तर बदलायला लावलं.

कान्ह्याजवळच्या एका वाडीतल्या या आजी सत्तरीच्या पुढच्या. गुडघे दुखतात म्हणून मुलगा घेऊन आला होता. एक्स-रेमध्ये वयाला साजेशी झीज होती. मी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले. महिन्याभराने परत आल्या, त्रास वाढलेला. तिसऱ्या वेळी आल्या त्या थंडी-ताप आणि लघवीची जळजळ घेऊन. युरिन इन्फेक्शन झालं होतं. "आजी, पाणी किती पिता?" असं विचारलं, तर त्या खाली बघत म्हणाल्या, "पाणी पिलं की उठाया लागतं डाक्टर, आन् उठवत न्हाय."

मुलगा कळवळून म्हणाला, "अहो, खाली बसायचा त्रास नको म्हणून तर गेल्या दिवाळीला तिच्यासाठी एवढा मऊ सोफा आणला!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुडघ्यांची झीज जुनी होती. उठता न येणं मात्र त्या सोफ्याएवढंच नवं होतं. तीन भेटींत मी एक्स-रे पाहिला, रक्त तपासलं, पण आजी दिवसभर कशावर बसतात हे एकदाही विचारलं नव्हतं. ही चूक माझी.

सोफा कसा निवडायचा हे आज सांगणार आहे. पण त्याआधी आपण सोफ्यापर्यंत कसे पोहोचलो हे थोडक्यात पाहू. कारण या प्रवासात आपण काय गमावलं ते कळलं, तर दुकानात काय बघायचं तेही आपोआप कळतं.

मावळातली जुनी बैठक

कान्ह्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल पकडलीत तर कामशेतनंतर मळवली येतं. तिथून जवळच भाजे लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. बहुतेक लोक चैत्यगृह पाहून परततात. पुढच्या वेळी भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्यांतही डोकावून पाहा. भिंतीला लागून दगडातच कोरलेले ओटे दिसतील. झोपायला तेच आणि टेकायलाही तेच. गादी नाही, उशी नाही.

भिक्षूंनी कशावर बसावं याचे नियमच होते. पाली विनयपिटकात एक नियम आहे: खाट किंवा बाक करून घेतला तर त्याचे पाय 'सुगत' मापाने आठ अंगुळांपेक्षा उंच नसावेत, आणि असले तर कापून टाकावेत. त्याच्या लगेच पुढचा नियम सांगतो की त्यात कापूस भरला असेल तर तो उपसून काढावा. या नियमांमागचा विचार वैराग्याचा होता, आरोग्याचा नव्हता. तरी गंमत बघा. उंची किती आणि आत काय भरलंय, हे दोनच प्रश्न आज सोफ्याच्या दुकानातही सगळ्यांत महत्त्वाचे आहेत.

घोंगडी, गादी आणि लोड

पुढे कित्येक शतकं आपल्याकडे बसणं म्हणजे जमिनीवरच बसणं होतं. गावातल्या घरात पाहुणा आला की ओटीवर घोंगडी अंथरली जायची. वाड्यात जाजम, त्यावर गादी आणि टेकायला लोड-तक्क्ये. जेवायला पाट. श्रीमंत आणि गरीब यांच्यात फरक होता तो अंथरुणाच्या किमतीचा. बसायची पातळी जवळपास एकच.

१७९० मध्ये पेशवे सवाई माधवराव आणि इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट यांच्यात टिपू सुलतानाविरुद्ध तह झाला. त्या पुण्याच्या दरबाराचं थॉमस डॅनिएलने १८०५ मध्ये पूर्ण केलेलं मोठं चित्र लंडनमध्ये आहे. त्यात इंग्रज पाहुणेही आपल्या लोकांसारखे खाली बैठकीवर बसलेले दिसतात. घट्ट विजारीत त्यांना ते किती जमलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा!

डॉक्टर म्हणून मला या बैठकीत तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, दर वेळी उठताना सगळं शरीर जमिनीवरून वर उचलावं लागायचं. दिवसातून दहा-वीस वेळा मांड्यांचा, नितंबांचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम फुकटात होत होता.

दुसरी, जमिनीवर कुणी एकाच पद्धतीने तासभर बसत नाही. मांडी बदलते, एक गुडघा वर येतो, कधी लोडाला टेकलं जातं. शरीर आपणहून हालत राहतं.

तिसरी, ही बैठक उचलता यायची. सतरंजी झटकली जायची, घोंगडी आणि गादी उन्हात पडायची, कापसाचे गोळे झाले की पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला जायचा.

याचा अर्थ पूर्वी कुणाचे गुडघे दुखत नव्हते असा काढू नका. वर्षानुवर्षं उकिडवं बसून काम केलं की गुडघ्याची झीज वाढते. ज्यांचे गुडघे आधीच झिजलेत त्यांना मी "खाली बसा" असं सांगत नाही, आणि हा लेख वाचून तुम्हीही त्यांना सांगू नका.

खुर्ची आली, मग सोफा

शब्दांवरूनच बघा. 'गादी' म्हणजे राज्य. 'खुर्ची' म्हणजे सत्ता. खुर्ची हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून आला आणि इंग्रजी अमलात साहेबासमोर कुणाला खुर्ची मिळते यावर माणसाचा मान ठरू लागला. 'सोफा'चं मूळही अरबीच: 'सुफ्फा', म्हणजे बसण्यासाठी केलेला उंचवटा. ऐकायला आपल्या वाड्यातल्या 'सोप्या'चा सख्खा भाऊ वाटतो. हा सुफ्फा युरोपात जाऊन लाकडी, गुबगुबीत सोफा झाला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कारागीर काळ्या शिसवीचे नक्षीदार सोफे आणि खुर्च्या घडवत होते. गिऱ्हाईक युरोपियन, पारशी आणि इतर धनिक.

१८५८ मध्ये पुणे ते खंडाळा रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावू लागली. लोणावळा-खंडाळ्याला हवा खायला येणाऱ्यांचे बंगले झाले. त्या काळची ओळख म्हणजे व्हरांड्यातली आरामखुर्ची: लाकडी सांगाडा, वेताची बैठक, लांब हात. जुन्या घरांतला सागवानी सोफाही याच घराण्यातला. त्याची बैठक सपाट असते, वेतातून हवा खेळते, दोन्ही बाजूंना धरायला भक्कम हात असतात आणि खाली पाय मागे घ्यायला मोकळी जागा असते. जमिनीवरून उठण्याचा व्यायाम त्याने कमी केला हे खरं. पण म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या बळावर उठता येईल एवढी काळजी त्यात होती.

फोम आणि टीव्ही

१९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन तयार केलं. १९५० च्या दशकात त्याचा फोम बाजारात आला आणि हळूहळू काथ्या, कापूस, स्प्रिंग यांची जागा घेत गेला. फोम स्वस्त, हलका आणि हव्या त्या आकारात कापता येणारा. सोफा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला तो यामुळे.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. बैठकीच्या खोलीत जी माणसं समोरासमोर बसायची, ती एका भिंतीकडे तोंड करून बसू लागली. सोफा पाहुण्यांसाठी होता, तो घरच्यांसाठी झाला. वीस मिनिटांचं बसणं तीन तासांवर गेलं. मग दुकानात बसताक्षणी 'आहाहा' वाटावं म्हणून बैठक आणखी मऊ, खोल आणि बुटकी होत गेली. दुकानात आपण बसून बघतो. घरी मात्र त्यावरून उठायचं असतं.

डॉक्टरांनी बसण्याकडे कधी पाहिलं?

इटलीच्या रामाझ्झिनी या डॉक्टरने १७०० मध्येच कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात बसून काम करणाऱ्यांच्या दुखण्यांची नोंद केली. पण मोजमाप सुरू झालं ते विसाव्या शतकात.

१९४८ मध्ये स्वीडनच्या डॉ. ऑकरब्लोम यांनी दाखवलं की प्रचलित खुर्च्या अनेकांच्या पायांच्या मानाने उंच आहेत आणि पाठीच्या खालच्या भागाला आधार हवा. म्हणजे फार उंच आसनही वाईटच. पाय लोंबकळले की मांडीखाली दाब येतो.

१९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांचा लंडनच्या बसगाड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसमध्ये सतत चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. बसण्याचा संबंध नुसत्या पाठीशी नाही, हृदयाशीही आहे, हे तेव्हापासून गांभीर्याने घेतलं जाऊ लागलं.

१९६० च्या दशकात स्वीडनमध्येच डॉ. नॅकेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. 'ताठ बसा' हा सल्ला त्यानंतर आणखी पक्का झाला. पण १९९९ मध्ये जर्मनीत डॉ. विल्के यांनी एका निरोगी माणसावर नव्या उपकरणाने हेच मोजलं, तेव्हा खुर्चीत मागे रेलून सैल बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा कमी आढळला. एकाच माणसावरचं मोजमाप आहे, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण विसावून बसणं पाप नाही, एवढं नक्की. त्रास होतो तो एकाच स्थितीत फार वेळ राहिल्याने.

माझ्या आजींचं उत्तर मात्र आणखी दोन अभ्यासांत आहे. खुर्चीवरून उठण्याबद्दलच्या संशोधनाचा आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आसन उंच केलं तर उठताना गुडघ्यावर येणारा भार ६० टक्क्यांपर्यंत आणि खुब्यावरचा ५० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. आता हेच उलट करून बघा: बुटक्या सोफ्याने आजींच्या गुडघ्यांवर काय केलं असेल?

२०१२ मध्ये ब्राझीलच्या डॉ. अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांना जमिनीवर बसून परत उठायला सांगितलं. ज्यांना हाताचा, गुडघ्याचा आधार जास्त घ्यावा लागला, त्यांच्यात पुढच्या सहा-एक वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. उठता न येणं हे मृत्यूचं कारण आहे असं यातून सिद्ध होत नाही. पण ताकद, लवचिकता आणि तोल यांचा तो एक चांगला आरसा आहे. आपल्या आज्या-पणज्या ही परीक्षा रोज पाटावरून उठताना देत होत्या.

मग सोफा कसा बघायचा?

दुकानात जाताना एक मोजपट्टी आणि घरातलं सर्वांत वयस्कर माणूस, दोन्ही बरोबर न्या.

१. उंची: आधी घरी स्टुलावर बसून, पाऊल जमिनीवर सपाट ठेवून, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजा. सोफ्याची बैठक साधारण तेवढीच हवी. गुडघे किंवा खुबा दुखत असेल तर एक-दोन इंच जास्त चालेल, पण पाय लोंबकळता कामा नयेत. हे माप माणूस बसल्यावर, गादी दबलेली असताना घ्या. रिकामा सोफा १७ इंच भरतो आणि बसल्यावर ४ इंच खाली जातो, तर तुमच्यासाठी तो १३ इंचांचाच आहे.

२. खोली: पाठ मागे टेकल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. सोफा त्यापेक्षा खोल असेल तर माणूस पाठ टेकण्यासाठी मागे सरकतो आणि पाय अधांतरी राहतात, किंवा पुढे बसतो आणि पाठ अधांतरी राहते. सोफा घरात आलाच असेल तर पाठीमागे घट्ट उशी ठेवा.

३. बैठक: नितंब गुडघ्यांपेक्षा खाली जाता कामा नयेत. पुढची कड दाबून बघा. उठताना सगळा भार तिच्यावर येतो, ती ढासळली तर तोल जातो.

४. हात: दोन्ही नाही तरी निदान एका बाजूला भक्कम हात हवा. त्यावर तळवा टेकून रेटा देता आला पाहिजे. नुसत्या उशीसारखे मऊ हात शोभेचे.

५. खालची जागा: उठण्याआधी आपण नकळत पावलं मागे घेतो. सोफा खालून जमिनीपर्यंत बंद असेल तर ती मागे जात नाहीत आणि उठणं अवघड होतं. खाली मोकळी जागा असेल तर केरही नीट काढता येतो.

६. कापड: मावळातल्या पावसाळ्यात हा मुद्दा विसरू नका. १९६४ मध्ये हॉलंडमधल्या लायडनच्या संशोधकांनी घरातल्या धुळीची ॲलर्जी आणि डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे किडे यांचा संबंध दाखवला. या किड्यांना दमट हवा मानवते. दमा किंवा सकाळच्या सटासट शिंका असणाऱ्या घरात कव्हर काढून गरम पाण्यात धुता येईल, गादी सुटी करून उन्हात टाकता येईल असाच सोफा घ्या. धुता येत नसेल तर पुसता येणारं रेक्झिन बरं. सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, म्हणजे मागे ओल धरून बुरशी येणार नाही.

७. तान्हं बाळ: हे मात्र अगदी गांभीर्याने वाचा. बाळाला सोफ्यावर झोपवू नका आणि बाळ कुशीत घेऊन स्वतःही सोफ्यावर झोपू नका. झोपेत दगावलेल्या सुमारे ८००० बाळांच्या नोंदी अमेरिकेत तपासल्या गेल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास १३ टक्के बाळं सोफ्यावर दगावलेली होती. मऊ गादी आणि पाठ यांच्या फटीत बाळाचं नाक दबतं आणि त्याला मान वळवता येत नाही. रात्री दूध पाजताना डोळा लागेल असं वाटलं, तर सोफ्यावर बसूच नका.

आणि आता शेवटची परीक्षा. पसंत पडलेल्या सोफ्यावर दहा मिनिटं गप्पा मारत बसा. मग हात छातीशी ठेवून, झटका न देता उठा. असं पाच वेळा करा. ज्यांना हातांशिवाय जमत नाही त्यांनी सोफ्याचा हात धरून उठावं, पण दुसऱ्या माणसाचा हात लागता कामा नये. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला हे जमलं, तर तो सोफा तुमचा. दुकानदार हसला तर हसू द्या.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी मात्र बुटक्या आसनावर बसण्याआधी आपल्या सर्जनला विचारावं. आणि सोफा कितीही उत्तम असला तरी अर्ध्या तासाने उठून एक फेरी मारावी. टीव्हीवरच्या जाहिराती त्यासाठीच असतात असं समजा.

आजींचं काय झालं?

नवा सोफा टाकून द्या असं मी सांगितलं नाही. मुलाने किती हौसेने आणला होता! सुताराने त्याच्या चारही पायांखाली चार इंचांचे लाकडी ठोकळे पक्के बसवले, बैठकीच्या गादीखाली प्लायवूडची फळी टाकली. इन्फेक्शनवर औषध दिलं. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच सोफ्यावरून दहा वेळा उठबस करायची, एवढाच व्यायाम ठेवला.

दोनेक महिन्यांनी त्या आल्या तेव्हा रिक्षातून उतरून स्वतः चालत आत आल्या. गुडघे अजून दुखतातच, झीज काही भरून आली नाही. पण उठवायला माणूस लागत नव्हता. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पाणी पिते आता डाक्टर, पोटभर."

तुमच्या घरात कुणी वयस्कर माणूस अलीकडे कमी उठत असेल, पाणी कमी पीत असेल, "मला काही नको, मी इथंच बरी" असं म्हणत असेल, तर डॉक्टरांकडे जरूर न्या. पण त्याआधी ते कशावर बसलेत, हेही एकदा बघा.

काळजी घ्या.